एक हात लगामाला : खोगीर आणि साज निवडणाऱ्यांसाठी प्रस्तावना

घोडा ठेवायला तबेला लागतो, आणि डिलाईल रोडवर माणसांनाच जागा पुरत नाही. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या इथल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तीत चार-सहा माणसं, कपाट, देव्हारा आणि पाण्याचं पिंप एवढं मावलं की संपलं. त्यामुळे या भागातला जो कुणी घोडेस्वारीच्या नादी लागतो, तो आयुष्यभर दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो. कधी रायडिंग स्कूलच्या, कधी क्लबाच्या, कधी माथेरानच्या घोडेवाल्याच्या. घोडा काही त्याचा होत नाही. होतं ते सामान. आधी हेल्मेट, मग बूट, मग स्वतःच्या रिकिबी, आणि नाद अगदीच हाताबाहेर गेला तर स्वतःचं खोगीर.

हे पुस्तक त्या सामानाविषयी आहे. मराठीत घोड्यावर बसणाऱ्यांबद्दल उदंड लिहिलं गेलं आहे. पोवाडे आहेत, बखरी आहेत, कादंबऱ्या आहेत, चौकाचौकांत पुतळे आहेत. पण ते बसतात कशावर, ते तसंच का बनवलं, दुसऱ्या प्रकारचं का चालणार नाही, हे विचारणारा माणूस विरळा. आणि स्वार दोन भेटले की बोलतात ते नेमकं यावरच. रेसकोर्सच्या कडेला, शाळेच्या मैदानाबाहेर, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, कुठेही जा. घोड्याचं कौतुक पाच मिनिटांत आटोपतं आणि मग सुरू होतं, "तुझं जीन कुठलं? तंग सुती की नायलॉनचा? कडियाळं कोणतं घालतोस?" या प्रश्नांवर माणसं हमरीतुमरीवर येतात. प्रत्येकाची पसंती ठरलेली असते, आणि आपली पसंती हाच निसर्गनियम आहे असं प्रत्येकाला वाटतं.

सात रस्त्यापासून लोअर परळच्या पुलाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या पाटीवर ना. म. जोशी मार्ग असं लिहिलेलं असतं. कामगारांसाठी जन्म घालवलेल्या माणसाचं नाव गिरणगावातल्या रस्त्याला मिळालं हे योग्यच झालं, तरी आमच्या तोंडी डिलाईल रोडच बसला आहे. सात रस्त्यावरून पश्चिमेला वळलं, महालक्ष्मी स्टेशनाचा पूल ओलांडला, उजवीकडचा धोबीघाट मागे टाकला आणि सरळ चालत राहिलं की रेसकोर्स. मुंबईची शर्यत भायखळ्याहून तिथे आली ती १८८३ च्या सुमारास, आणि मैदानाची आखणी मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सवरून केली असं सांगतात. रुळांच्या एका बाजूला गिरण्यांचे भोंगे आणि दुसऱ्या बाजूला थरोब्रेड घोडे, अशी शंभर वर्षं गेली. भोंगे बंद झाले. घोडे अजून आहेत, पावसाळ्यात ट्रकांतून पुण्याला जातात आणि हिवाळ्याच्या तोंडाला परत येतात. आमच्या बाजूच्या माणसांनी ते बहुतेक वेळा कठड्याच्या बाहेरूनच पाहिले.

मग डिलाईल रोडवरच्या माणसाला वेस्टर्न खोगिराचं वेड कुठून लागलं? सरळ उत्तर द्यायचं तर सिनेमातून. १९७४ सालच्या 'खोटे सिक्के'मधला फिरोज खान आठवा. काउबॉयची टोपी, कमरेला पट्टा आणि खाली घोडा. याच रस्त्यावर दीपक टॉकीज होतं. ज्यांनी कधी गाढवालाही हात लावला नव्हता अशी पोरं पडद्यावरच्या त्या खोगिरावर मनातल्या मनात बसून घरी जात. पुढचा तो उभा खुंट, ज्याला हॉर्न म्हणतात, मागचा उंच कठडा, कोरीव नक्षीचं चामडं, रुंद रिकिबी. मोठेपणी घोड्यावर बसायची संधी मिळाली तेव्हा शाळेने बुडाखाली दिलं ते सपाट, गुळगुळीत, धरायला काहीही नसलेलं इंग्लिश खोगीर. ही निराशा मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

या निराशेतच एक गैरसमज लपलेला आहे, आणि पुस्तकभर माझं भांडण त्याच्याशी आहे. वेस्टर्न खोगिराचा हॉर्न स्वाराने धरायचा नसतो. तो दोर गुंडाळण्यासाठी असतो. मेक्सिकोतल्या स्पॅनिश गुराख्यांनी, वाकेरोंनी, फासा टाकून पकडलेल्या जनावराचा ओढा स्वतःच्या हातावर न घेता खोगिरावर घेण्यासाठी तो वापरला. पुढे टेक्सासात दोराचं टोक हॉर्नला पक्कं बांधायची रीत पडली, आणि बैलाने हिसका दिला की खोगीर मागून वर उचललं जाऊ लागलं. म्हणून तिथे मागे दुसरा तंग आला. कॅलिफोर्नियातले गुराखी दोर हॉर्नभोवती नुसता वळसे देऊन सैल-घट्ट करत, हिसका कमी बसे, त्यांचं एका तंगावर भागलं. म्हणजे एक तंग की दोन, हा प्रश्न आवडीचा दिसतो, पण त्याचा उगम दोर कसा बांधायचा यात आहे. फासेवाल्याच्या खोगिराची मागची कड ठेंगणी, कारण त्याला क्षणात खाली उडी मारायची असते. पिंपांना वळसे घालत शर्यत करणाऱ्याची बैठक खोल, कारण त्याला वळणावर फेकलं जायचं नसतं. कळपातून एक गाय वेगळी काढणाऱ्याची बैठक सपाट आणि हॉर्न उंच नि बारीक, कारण घोडा डावी-उजवीकडे झेपावतो तेव्हा त्याला तिथे हात टेकून स्वतःला मागे ढकलायचं असतं. दुकानात हे सगळं 'वेस्टर्न' या एका नावाखाली विकलं जातं.

आता माथेरानचं किंवा महाबळेश्वरचं खोगीर पाहा. तिथेही पुढे धरायला काहीतरी असतं, बहुधा लोखंडी कडी. तिचा दोराशी संबंध नाही. पहिल्यांदाच घोड्यावर बसलेल्या पर्यटकाने लगामाला लोंबकळून घोड्याचं तोंड फाडू नये म्हणून ती आहे. मला ही कडी फार शहाणपणाची वाटते. जाणते स्वार तिला हसतात. हसू दे.

पसंतीच्या भांडणांत मला हळूहळू एक गोष्ट दिसू लागली. आपण खोगिरांची विभागणी देशांवरून करतो: इंग्लिश, वेस्टर्न, ऑस्ट्रेलियन, मराठी. खरी विभागणी हातावरून होते. स्वाराचा दुसरा हात मोकळा आहे की कामात आहे, आणि त्याला खोगिरावर किती तास काढायचे आहेत, एवढं कळलं की त्याचा साज अर्धा ठरतो. ज्याला दोन्ही हात लगामाला देता येतात, तो घोड्याच्या तोंडाशी सतत सैलसर संवाद ठेवू शकतो. अडथळ्यांवरून उड्या मारणारा आणि ड्रेसाज करणारा त्यातला. त्याचं खोगीर हलकं, कारण त्याचं काम तासाभराचं. ज्याच्या उजव्या हातात दोर आहे, भाला आहे, पोलोची काठी आहे किंवा पोलिसाचा दंडुका आहे, त्याला डाव्या हातात लगाम धरून घोडा मांडीने आणि मानेवरच्या लगामाच्या स्पर्शाने वळवावा लागतो. त्याला खोल बैठक लागते, लांब रिकीब लागते, आणि घोडा असा शिकवलेला लागतो की लगाम सैल सुटला तरी तो बिथरत नाही.

या हिशोबाने टेक्सासचा गुराखी आणि मराठ्यांचा भालाईत एकाच घरचे ठरतात. थोरल्या बाजीरावांची ती कथा सगळ्यांना माहीत आहे. पेशव्याचं चित्र काढून आणायला पाठवलेल्या चित्रकाराने त्यांना पाहिलं तेव्हा ते घोड्यावर होते, लगाम घोड्याच्या मानेवर सैल टाकलेला, भाला खांद्याला टेकवलेला, आणि दोन्ही तळव्यांमध्ये कणसं चोळून दाणे तोंडात टाकत चाललेले. ही कथा घडली तशीच घडली का, हा वाद इतिहासकारांनी करावा. साजाच्या दृष्टीने तिच्यातलं महत्त्वाचं वाक्य 'लगाम मानेवर सैल' हे आहे. दोन्ही हात जेवणात गुंतलेले असताना जो घोडा चालत राहतो, तो कडियाळ्यावर चालत नाही, बैठकीवर चालतो. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडीत पकडणारं घोडदळ अवजड तोफा आणि बुणगे मागे टाकून मजल-दरमजल करत होतं. त्या माणसांची घरं, स्वयंपाकघरं आणि झोपायच्या जागा खोगिरावरच होत्या.

फरक आहे तो खोगिराच्या पोटात. मराठी खोगीर मऊ: कापडाची नाहीतर चामड्याची गादी, आत भरण, वर शिवण. वेस्टर्न खोगिराच्या आत लाकडाचा सांगाडा असतो आणि त्यावर कच्चं चामडं ओलं असताना ताणून शिवलेलं असतं. वाळलं की ते लाकडाला जखडून बसतं. या सांगाड्याच्या दोन लांब पट्ट्या घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकतात आणि स्वाराचं वजन पाठीवर लांबवर पसरवतात. कणा मध्ये मोकळा राहतो. गादीच्या खोगिरात वजन स्वाराच्या बुडाखाली आणि रिकिबीच्या वादीखाली एकवटतं. मऊ म्हणजे घोड्याला सुखाचं, हा समज म्हणूनच अर्धाच खरा. गादी कोणत्याही घोड्याच्या पाठीवर बऱ्यापैकी बसते, फाटली तर वाटेत शिवता येते, ओझं होत नाही. सांगाडा एका ठरावीक पाठीसाठी असतो, आणि त्या पाठीवर तो बसला तर दिवसभर त्रास देत नाही. दुसऱ्या पाठीवर तोच सांगाडा म्हणजे छळ.

आणि इथेच दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्या आपल्यासारख्यांची पंचाईत होते. वेस्टर्न खोगिरं बहुतांशी अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्स जातीच्या पाठीला धरून बनतात. ती पाठ रुंद, गोलसर, खांद्यावरचा उंचवटा बेताचा. रायडिंग स्कूलमधला आपला घोडा बऱ्याचदा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड. त्याचा उंचवटा टोकदार, त्याच्या मागे दोन्ही बाजूंना खळगे, फासळ्या अरुंद. रुंद सांगाडा त्यावर ठेवला की तो पुढे खाली बसतो आणि उंचवट्यावर आदळत राहतो. खाली दोन जाड नमदे घालून उपाय केला असं लोक समजतात. त्याने खोगीर वर उचललं जातं खरं, पण डळमळतं, मग तंग आवळावा लागतो, मग तंगाच्या जागी चट्टे उठतात. मारवाडी आणि काठेवाडी घोडे थरोब्रेडपेक्षा वेगळे, पण तेही अंगाने अरुंदच. विदेशी खोगिरावर 'फुल क्वार्टर हॉर्स' असं लिहिलेलं असलं तर आपल्याकडच्या दहातल्या नऊ घोड्यांसाठी ते ठेवून द्यावं. 'सेमी' लिहिलेलं पाहून बघावं. पाहून बघावं म्हणजे प्रत्यक्ष पाठीवर, नमदा न घालता, ठेवून बघावं. कॅटलॉग पाहून खोगीर घेणाऱ्याला मी काही सांगू शकत नाही.

वजनाचीही एक गंमत आहे. वेस्टर्न खोगीर १२ ते १८ किलोंचं सहज भरतं. इंग्लिश त्याच्या निम्म्याहून कमी. आणि महालक्ष्मीच्या मैदानावर शर्यतीच्या दिवशी जॉकीच्या खाली जे असतं ते किलोभरसुद्धा नसतं, कारण जॉकी काट्यावर उभा राहतो तो खोगीर हातात घेऊन. त्याला खोगिरावर बसायचंच नसतं. टॉड स्लोन नावाचा अमेरिकन जॉकी १८९७ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेवर वाकून बसायची त्याची तऱ्हा पाहून लोक हसले होते. तो जिंकत गेला आणि हसणाऱ्यांनी आपापल्या रिकिबी वर चढवल्या. तेव्हापासून शर्यतीचं खोगीर हे बसायची वस्तू राहिलं नाही. रिकिबी टांगायची ती एक चपटी चामडी पट्टी झाली. इटलीच्या काप्रिल्लीने साधारण त्याच काळात उडीच्या वेळी पुढे झुकायला शिकवलं आणि उडीच्या खोगिराचा पुढचा भाग गुडघ्याला आधार देण्यासाठी पुढे सरकला. महालक्ष्मीच्या एका मैदानावर सकाळच्या दोन तासांत हे सगळे प्रकार पाहायला मिळतात: सरावाचे घोडे, उड्यांचे घोडे, पोलोचे घोडे. साज वाचायला शिकायचं असेल तर यापेक्षा चांगली शाळा मुंबईत नाही, आणि फी नाही.

मुंबई पोलिसांचं घोडदळ वाहतुकीच्या गर्दीमुळे १९३२ मध्ये बंद झालं होतं. २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला शिवाजी पार्कच्या संचलनात ते पुन्हा दिसलं. गर्दीवर नजर ठेवणारा पोलीस हा माझ्या हिशोबातला 'एक हात गुंतलेला' स्वार. त्याला तासन्‌तास एका जागी उभ्या घोड्यावर बसायचं असतं, आणि उभ्या घोड्यावर बसणं हे चालत्या घोड्यावर बसण्यापेक्षा कमरेला जड जातं. अशा कामाला रुंद बुडाचं, वजन पसरवणारं खोगीरच हवं. तिथे नाजूकपणा उपयोगाचा नाही.

रिकिबीचा इतिहास सांगताना लोक चीनपासून सुरुवात करतात. पायाचा आधार म्हणून काहीतरी बांधायची कल्पना मात्र त्याआधी आपल्याकडे दिसते. सांची, मथुरा आणि लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यातल्या शिल्पांत, इसवी सनापूर्वीच्या काळातले स्वार पट्ट्यात पाय किंवा नुसता अंगठा अडकवून बसलेले आहेत. अनवाणी माणसाची रिकीब अंगठ्यापुरतीच असणार. बूट आले तशी ती रुंदावली. म्हणूनच रिकीब निवडताना आजही माप घ्यायचं ते बुटाचं: बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा सुमारे एक इंच मोठी. लहान घेतली तर पडताना पाय अडकतो, फार मोठी घेतली तर अख्खं पाऊल आरपार जातं. दोन्हींत माणूस फरफटत जातो. इतर सगळ्या पसंतींबद्दल मी वाद घालायला तयार आहे, याबद्दल नाही.

बायकांच्या बैठकीविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्याचं कारण एक जुनी हकिगत. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई १८३५ मध्ये फतेहगडजवळ बायजाबाई शिंदे यांच्या छावणीत जाऊन आली. बायजाबाई कागलच्या घाटग्यांची लेक, दौलतराव शिंद्यांची पत्नी, स्वतः पट्टीची घोडेस्वार. दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसायची इंग्रज बायकांची तऱ्हा तिथल्या मराठा बायकांना अजब वाटली. फॅनीने मग मराठी पद्धतीचा वेष करून, दोन्हीकडे पाय टाकून घोडा फिरवला आणि आपल्या देशातली रीत किती वेडगळ आहे हे १८५० मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात मोकळेपणी लिहून टाकलं. विलायतेतल्या बायका दोन्हीकडे पाय टाकून बसू लागायला त्यानंतर पाऊणशे वर्षं जावी लागली. आजची अडचण निराळी आहे. बाजारातली पुष्कळशी खोगिरं पुरुषाच्या कमरेच्या हाडांचा अंदाज धरून बनतात. बाईची बसायची हाडं जास्त रुंद असतात, त्यामुळे बैठकीचा मधला भाग अरुंद असला की ती पुढे लोटली जाते आणि मास्तर ओरडतात, "सरळ बसा!" चूक तिची नसते, खोगिराची असते. मास्तरांनी एकदा तिच्या खोगिरावर बसून पाहावं.

साजाची सगळी पुस्तकं कोरड्या हवेत लिहिली गेली आहेत, ही माझी मोठी तक्रार. टेक्सासात चामडं सुकून तडकतं म्हणून ते तेल पाजा म्हणतात. डिलाईल रोडवर जून ते सप्टेंबर चामड्याला तेलापेक्षा वाऱ्याची गरज असते. चाळीतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या खोगिरावर पंधरवड्यात हिरवट बुरशी येते. जास्त तेल पाजलेलं चामडं लिबलिबीत होतं, शिलाईचा दोरा कुजतो, आणि तंगाची वादी नेमकी घोडा भरधाव असताना तुटते. वेस्टर्न खोगिराच्या खालच्या बाजूला लोकरीचं अस्तर असतं. घामाने भिजलेलं ते अस्तर आपल्या हवेत चार-चार दिवस वाळत नाही. म्हणून पावसाळ्यापुरतं सिंथेटिक खोगीर वापरणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, जरी त्यावर बसलं की प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्यासारखं वाटतं. चामड्याचंच वापरायचं तर ओल्या फडक्याने घाम पुसा, सावलीत पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा शेगडीजवळ कधीही नको, मग साबण, आणि तेल अगदी बोटभर. खोलीत खोगीर ठेवायला जागा नसेल तर छताजवळ आडवा बांबू टांगून त्यावर पालथं न घालता सरळ ठेवावं. घरच्यांची बोलणी खावी लागतात, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

दुरुस्तीसाठी दूर जायची गरज नसते. ज्याच्याकडे आरी आणि रापी आहे, ज्याला मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुयांची शिलाई घालता येते, असा चर्मकार आपल्या वस्तीत असतो. त्याला पट्टा शिवता येतो. सांगाडा तुटला असेल तर मात्र त्याच्याकडे नेऊ नका, कोणाकडेच नेऊ नका. जुनं खोगीर घेताना पुढची कमान पोटाला टेकवून मागची कड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढावी. मध्ये सुरकुती पडली, कचकच आवाज आला, की विकणारा कितीही ओळखीचा असो, नमस्कार करून निघावं. आपल्याकडे मिळणारी बहुतेक खोगिरं कानपूरची, आणि जगभर स्वस्त वेस्टर्न खोगिरांचा मोठा पुरवठाही तिथूनच होतो. कानपुरी माल म्हणजे हलका, असं नाक मुरडायची फॅशन आहे. तिथे उत्तमही बनतं आणि टाकाऊही बनतं. नक्षी पाहून निवडलं तर टाकाऊ पदरात पडतं.

कडियाळ्याच्या प्रकरणात माझा सूर चढलेला दिसेल. जत्रेत आणि वरातीत आजही काटेरी कडियाळी घातलेले घोडे दिसतात. भारवाही जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी त्यांना बंदी घातली आहे. 'आमच्या वाडवडिलांपासून चालत आलंय' हे समर्थन मला मान्य नाही, कारण वाडवडिलांच्या साजातलं घेण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. पण म्हणून वेस्टर्नचं लांब दांड्यांचं कर्ब कडियाळं मऊ समजू नये. ते तरफेच्या तत्त्वावर चालतं. हनुवटीखालची साखळी आणि लांब दांडा मिळून हाताची ओढ कित्येक पट करतात. वाकेरो आपला घोडा आधी बोसाल नावाच्या, कडियाळंच नसलेल्या नाकपट्टीवर वर्षानुवर्षं शिकवत आणि मगच कर्बला हात लावत. सिनेमा पाहून आलेला उमेदवार पहिल्याच दिवशी कर्ब मागतो. त्याला साधं दुखंडी स्नॅफल द्यावं. हात शिकलेला नसेल तोवर एका हाताने घोडा चालवायची हौसही नको.

आता माझी स्वतःची पसंती, कारण ती लपवून बाकीच्यांच्या पसंतीवर बोलणं बरं दिसत नाही. मैदानातल्या तासाभरासाठी मी साधं इंग्लिश खोगीर घेतो. सह्याद्रीतल्या चढ-उतारांसाठी, दिवसभराच्या वाटेसाठी, मला ऑस्ट्रेलियन स्टॉक खोगीर आवडतं: बैठक खोल, गुडघ्यापुढे दोन उशा, आणि हॉर्न नाही. चढावर पुढे झुकताना हॉर्न पोटात घुसतो. आपल्याला गाईला फासा टाकायचा नाही, मग पोटाची ती जोखीम कशाला? ऑस्ट्रेलियातून आलेले वेलर घोडे एकेकाळी मुंबई बंदरात उतरत, त्यांच्याबरोबर ते खोगीर इथे रुजलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. वेस्टर्न खोगीर मी वर्षातून एखाद्या वेळी, पाठ रुंद असलेल्या घोड्यावर, निव्वळ हौसेसाठी घेतो. हौस हेही कारण आहे, फक्त घोड्याची पाठ त्या हौसेला पुरली पाहिजे.

पुस्तकात किमती दिलेल्या नाहीत, त्या छापून येईपर्यंत बदलतात. मापं इंचांत दिली आहेत, कारण दुकानदार इंचांतच बोलतो. एक लक्षात असू द्यावं, वेस्टर्न बैठकीचा आकडा इंग्लिशपेक्षा साधारण दोन इंचांनी कमी असतो. १७ च्या इंग्लिशवर बसणाऱ्याने १५ मागावं. पोलोच्या साजावर थोडंच लिहिलं आहे, त्यातले जाणकार वेगळे. टांगा आणि व्हिक्टोरियाचा साज पूर्णपणे वगळला आहे, तो ओढणाऱ्या घोड्याचा विषय. तबेल्यातल्या साईसांकडून जे शिकलो ते जागोजागी आलं आहे. घोड्याच्या पाठीवर हात फिरवून तो आज कुठे दुखावला आहे हे सांगणारी माणसं ती, आणि स्वाराच्या आधी त्यांना विचारावं असं माझं मत आहे.

प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, पहिलं सोडून. ते पाठीच्या मापाचं आहे आणि त्यासाठी दीड हात लांबीची, वाकवली की वाकलेली राहणारी जाड वायर लागेल. घोडा सपाट जमिनीवर चारी पायांवर सारखा उभा करा, मान सरळ. खांद्याच्या फऱ्यामागे दोन बोटं सोडून वायर पाठीवर आडवी दाबा, आकार न मोडता उचला, पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलने गिरवा. मग पुठ्ठा कापून खोगिराच्या कमानीत घालून पाहा. डावी-उजवी बाजू क्वचितच सारखी येते, तेव्हा कोणती बाजू कोणती हे लिहून ठेवा. घोड्याचं नाव आणि तारीखही लिहा, कारण काम वाढलं किंवा बंद पडलं की दोन-तीन महिन्यांत पाठ बदलते आणि माप नव्याने घ्यावं लागतं.